वेगळ्या कंपनीची लस ‘मिक्स’ करून घरीच बूस्टर घ्यावा का?

प्रश्न कर्वेनगरमधून आला आहे. वडील ६७ वर्षांचे. मधुमेह आहे, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. २०२१ मध्ये कोव्हिशील्डचे दोन डोस झाले, ऑगस्ट २०२२ मध्ये तिसरा, तोही कोव्हिशील्डचाच. ऑक्टोबरमध्ये तीन महिने इंग्लंडला मुलाकडे जायचंय. वेगळ्या प्रकारची लस घेतली तर प्रतिकारशक्ती जास्त वाढते असं कुणीतरी सांगितलंय. ओळखीचे मेडिकलवाले म्हणतात व्हायल (लशीची कुपी) मागवून देतो, शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर घरी येऊन टोचेल. त्याच दिवशी फ्लूची आणि न्यूमोनियाचीही लस उरकून घेतली तर चालेल का?

आधी उत्तर देतो. घरी मागवून टोचून घेऊ नका. आधीचे डोस एका प्रकारच्या लशीचे आणि पुढचा दुसऱ्या प्रकारच्या लशीचा, यात वावगं काही नाही. त्याचा जगभर अभ्यास झालाय आणि भारतात काही जोड्यांना रीतसर परवानगीही मिळालेली आहे. घोळ होतो तो ‘आपलं आपण जमवू’ या भागात. आणि तुमच्या वडिलांसाठी जास्त निकडीची लस कोव्हिडची नाहीच. फ्लू आणि न्यूमोकॉकस (न्यूमोनियाचा जिवाणू) या दोन लशी त्यांनी जाण्यापूर्वी घ्यायलाच हव्यात. प्रवासासाठी म्हणून कोव्हिडचा डोस लागत नाही. ब्रिटनने १८ मार्च २०२२ पासून प्रवाशांवरच्या कोव्हिडच्या सगळ्या अटी काढून टाकल्या आहेत.

‘मिक्स’ केल्यावर अँटिबॉडी जास्त का दिसतात, ते आधी पाहू. कोव्हिशील्डमध्ये चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसचं वाहन असतं. हा विषाणू शरीरात वाढू शकणार नाही असा केलेला असतो आणि अर्ध्या मिलिलिटरच्या एका डोसात त्याचे ५० अब्ज कण असतात. ते पेशीत शिरतात आणि स्पाइक प्रथिन (कोरोना विषाणूच्या अंगावरचे काटे) कसं बनवायचं याची सूचना पोचवतात. पण शरीर स्पाइकविरुद्ध जशी तयारी करतं, तशी त्या वाहनाविरुद्धही करतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी तेच वाहन आलं की त्यातले काही कण पेशीपर्यंत पोचण्याआधीच अडवले जातात. रशियाच्या स्पुटनिक व्ही लशीत याच कारणासाठी पहिल्या डोसाला एडी २६ आणि दुसऱ्याला एडी ५ असे दोन वेगळे ॲडिनोव्हायरस ठेवले होते. म्हणजे ती लस मुळातच ‘मिक्स’ होती, फक्त ते मिश्रण कारखान्यात ठरलेलं होतं.

पुढचा डोस प्रथिनाच्या लशीचा किंवा एमआरएनएचा (वाहनाच्या विषाणूशिवाय स्पाइकची नुसती सूचना देणाऱ्या लशीचा) असेल तर वाहनाचा हा अडथळा येत नाही. कोव्होव्हॅक्समध्ये तयार स्पाइक प्रथिन, ५ मायक्रोग्रॅम, आणि सोबत मॅट्रिक्स-एम नावाचं उत्तेजक द्रव्य असतं. कोर्बेव्हॅक्समध्ये स्पाइकचा फक्त पेशीला चिकटणारा तुकडा असतो. कोव्हॅक्सिन म्हणजे अख्खा विषाणू मारून बनवलेली लस, तिच्यासाठीचा विषाणू पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केला होता. या सगळ्यांचं लक्ष्य एकच आहे, ओळख करून देण्याची रीत वेगळी. ॲडिनोव्हायरसच्या लशी टी-पेशी (संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या) चांगल्या जागवतात, प्रथिन आणि एमआरएनए लशी अँटिबॉडी जास्त चढवतात, आणि दोन्ही एकापाठोपाठ मिळाल्या तर शरीराला दोन्हींचा लाभ होतो.

आता पुरावा. ऑक्सफर्डच्या कॉम-कोव्ह चाचणीत पन्नाशीच्या पुढचे ८३० स्वयंसेवक होते. ॲस्ट्राझेनेकानंतर (म्हणजे आपल्या कोव्हिशील्डनंतर) फायझरची एमआरएनए लस घेतलेल्यांत अँटिबॉडी दोनदा ॲस्ट्राझेनेका घेतलेल्यांपेक्षा बऱ्याच जास्त आल्या. पण त्याच चाचणीत दुसऱ्या डोसानंतर ताप आल्यासारखं वाटणाऱ्यांचं प्रमाण दोनदा ॲस्ट्राझेनेका घेतलेल्यांत १० टक्के होतं, तर ॲस्ट्राझेनेकानंतर फायझर घेतलेल्यांत ३४ टक्के. ही दुसरी ओळ ‘मिक्स’ची महती सांगणाऱ्या फॉरवर्डमध्ये कधी नसते. ब्राझीलमध्ये मृत विषाणूच्या लशीचे दोन डोस घेतलेल्यांना वेगळ्या प्रकारचा तिसरा डोस दिला, तेव्हाही तोच कल दिसला.

आपल्याकडचं उदाहरण तर अपघातानेच घडलं. उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात २०२१ मध्ये १८ जणांना पहिला डोस कोव्हिशील्डचा आणि दुसरा चुकून कोव्हॅक्सिनचा दिला गेला. आयसीएमआर आणि पुण्याच्या विषाणू संस्थेने त्यांची तुलना एकच लस घेतलेल्या ४०-४० जणांशी केली. सुरक्षिततेत फरक दिसला नाही, अँटिबॉडी मिश्र गटात अधिक होत्या. अभ्यास नीट केलेला आहे, पण अठरा म्हणजे अठराच. लाखात एखाद्याला होणारा दुष्परिणाम अठरा माणसांत दिसणार नाही, आणि रक्तातल्या अँटिबॉडीचा आकडा जास्त म्हणजे आजारापासून बचाव त्याच पटीत जास्त, असंही नसतं. तो आकडा काही महिन्यांत उतरतोच. शिवाय या चाचण्या ज्या काळात झाल्या तेव्हा बहुतेकांना संसर्ग झालेला नव्हता. आज पुण्यात क्वचितच कुणी असेल ज्याच्या शरीराने हा विषाणू पाहिलेला नाही. लशीवर संसर्ग, संसर्गावर लस असं ‘मिक्सिंग’ शरीराने आधीच करून ठेवलंय, त्यामुळे जोडी बदलल्याने मिळणारा जादा फायदा तेव्हाइतका राहिलेला नाही.

भारतात परवानगी कशाकशाला मिळाली? जानेवारी २०२२ मध्ये प्रिकॉशन डोस (बूस्टरचं सरकारी नाव) सुरू झाला तेव्हा नियम सरळ होता, आधी जी लस तीच पुढे. अंतर आधी नऊ महिने होतं, जुलै २०२२ मध्ये ते सहा महिन्यांवर आलं. ४ जून २०२२ रोजी कोर्बेव्हॅक्सला वेगळ्या लशीनंतरचा बूस्टर म्हणून पहिली परवानगी मिळाली: वय १८ च्या पुढे, कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिनच्या दुसऱ्या डोसाला सहा महिने झालेले. ही परवानगी ४१६ जणांवरच्या चाचणीवर दिली होती. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत बायोटेकची नाकातली लस इन्कोव्हॅक आली, दोन्ही नाकपुड्यांत चार-चार थेंब. कोव्होव्हॅक्स जानेवारी २०२३ मध्ये. आणि जून २०२३ मध्ये पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीची ओमिक्रॉनसाठी बनवलेली एमआरएनए लस जेमकोव्हॅक-ओएम, जी सुईविना यंत्राने कातडीत देतात.

इथे मेडिकलवाल्यांच्या प्रस्तावाकडे येऊ. परवानगी असणं आणि आज माल उपलब्ध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोव्हिशील्डचं उत्पादन डिसेंबर २०२१ पासून बंद आहे आणि त्या लशीची मुदत नऊ महिन्यांची होती. तेव्हा आज कुणी ‘कोव्हिशील्ड आहे, देतो’ म्हणालं तर ती एकतर कधीच मुदत संपलेली आहे किंवा कोव्हिशील्ड नाही. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिनला जानेवारी २०२२ मध्ये बाजारपेठेची सशर्त परवानगी मिळाली, तेव्हाही त्या मेडिकलच्या काउंटरवर विकायच्या नव्हत्याच. रुग्णालयांनी आणि दवाखान्यांनी घ्यायच्या आणि कोविनवर नोंद करून द्यायच्या, अशी अट होती. म्हणून ‘मागवून देतो’ ऐकलं की पहिला प्रश्न हवा: कुठून? पुण्यात ‘कंपनीत ओळख आहे’ हे उत्तर फार सहज मिळतं. लस बनवणाऱ्या शहरात राहण्याचा हा एक तोटा म्हणा. ओळखीतून आलेल्या व्हायलला ना बिल असतं, ना ती वाटेत किती तापली याची नोंद.

बनावट लस ही कल्पनेतली भीती नाही. मे २०२१ मध्ये मुंबईत कांदिवलीच्या एका सोसायटीत ३९० रहिवाशांना शिबिर भरवून ‘लस’ टोचली गेली. नंतर पोलिसांच्या तपासात ते शिबिर बोगस निघालं. कोलकात्याच्या कसबा भागातल्या बोगस शिबिरात कोव्हिशील्डच्या लेबलाखाली अमिकासिन हे प्रतिजैविक सापडलं होतं. मूत्रपिंड अधू असलेल्या मधुमेही माणसाला अमिकासिन किती धोक्याचं, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा.

समजा लस खरी आहे, मुदतीत आहे. तरी ती काम करण्याजोगी पोचली का? वर सांगितलेल्या बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिल्या पाहिजेत. लोकांना उष्णतेची भीती वाटते, पण प्रथिनाच्या आणि ॲल्युमिनियम क्षार असलेल्या लशींना जास्त धोका गोठण्याचा असतो. कोर्बेव्हॅक्स, कोव्हॅक्सिन, हिपॅटायटिस बी, एचपीव्ही, धनुर्वात, न्यूमोकॉकसची संयुग्म (जिवाणूच्या आवरणातली साखर प्रथिनाला जोडून बनवलेली) लस या एकदा गोठल्या की वितळून पुन्हा द्रव झाल्या तरी कामातून गेल्या. त्यातलं उत्तेजक द्रव्य गुठळ्या करून प्रथिनापासून सुटतं. थर्माकोलच्या डब्यात बर्फ ठासून त्यावर व्हायल ठेवून आणणं हा लस मारण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग आहे, आणि काळजी घेतोय असं समजून लोक नेमकं तेच करतात. लसीकरण केंद्रात आइस पॅक फ्रीजरमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवतात. वर पाण्याचे थेंब येतात, कानाशी हलवला की आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो, तेव्हाच तो कॅरिअरमध्ये जातो. गोठल्याचा संशय असेल तर दोन व्हायल एकत्र हलवून टेबलावर ठेवतात: संशयित, आणि त्याच बॅचची मुद्दाम गोठवून वितळवलेली. संशयितेत गठ्ठे दिसले आणि साका गोठवलेलीइतक्याच भराभर खाली बसला तर ती टाकून द्यायची. तुमच्या घरी तुलनेला दुसरी व्हायल असणार नाही.

घरातला फ्रीजही भरवशाचा नाही. दरवाज्याच्या कप्प्यात दिवसभर तापमान खालीवर होतं, मागच्या भिंतीशी आणि बर्फाच्या कप्प्याखाली शून्याच्या आसपास जातं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा तो चार-पाच तास बंद असतो आणि आपण त्यातून दूध काढायला दार उघडतच असतो. औषधांच्या फ्रीजमध्ये कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर असतो, दिवसातून दोनदा नोंद होते. ही नोंदवही बघायला मागा. चांगल्या दवाखान्यात कुणाला राग येत नाही. सरकारी पुरवठ्याच्या व्हायलवर बहुधा एक गोल आणि आत चौकोन असलेली खूण असते. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तोवर लस वापरता येते, रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला की नाही. ही खूण उष्णता दाखवते, गोठणं दाखवत नाही.

मग व्हायल किती डोसांची? कोव्हिशील्डची साधारण दहा डोसांची होती आणि उघडली की आपल्या मोहिमेत चार तासांत संपवायची किंवा टाकायची, असा नियम होता. ‘शिबिरात एक डोस उरलाय, संध्याकाळी येतो’ हा निरोप आला तर त्या व्हायलला किती वाजता भोक पडलं ते विचारा. उघडल्याची वेळ लेबलावर पेनने लिहिलेली नसेल तर तो डोस घेऊ नये.

टोचण्यातही चुकतं. लस दंडाच्या स्नायूत जायला हवी: खांद्याच्या वरच्या हाडाच्या टोकाखाली दोन-तीन बोटं सोडून, सुई काटकोनात, मोठ्या माणसाला साधारण २५ मिलिमीटर लांबीची. घरी येणाऱ्याकडे पुष्कळदा इन्सुलिनची सिरिंज असते, तिची सुई ६ ते ८ मिलिमीटरची. ती चरबीतच थांबते. उत्तेजक द्रव्य असलेली लस तिथे पडली की महिनाभर दुखणारी गाठ राहते आणि परिणामही कमी मिळू शकतो. सुई फार वर, खांद्याच्या सांध्याजवळ लागली तर हात वर करताना महिनोन्‌महिने दुखतं. वडिलांच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या लशीसाठी बंद करायच्या नाहीत. अँजिओप्लास्टीनंतर त्या परस्पर थांबवणं हे लशीच्या कुठल्याही दुष्परिणामापेक्षा धोक्याचं आहे. २३ गेज किंवा त्याहून बारीक सुई घ्यायला सांगायचं, आणि नंतर ती जागा न चोळता किमान दोन मिनिटं घट्ट दाबून ठेवायची. दंडावर निळसर डाग पडला तर घाबरू नका.

दुसरं कुठलंच कारण पटलं नाही तरी एक पुरेसं आहे. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया फार दुर्मीळ, बहुतेक लशींच्या बाबतीत दहा लाखांत एखाद-दुसरी, पण येते ती मिनिटांत. अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, आवाज बसतो, रक्तदाब कोसळतो. यावर औषध एकच: ॲड्रेनालिन, १:१००० ताकदीचं, मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. पाच मिनिटांत उतार नाही तर पुन्हा. घरी येणारा कंपाउंडर पिशवीतून काढतो ते एव्हिल (ॲलर्जीचं साधं औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड). एव्हिलने खाज थांबते, पण घसा उघडत नाही आणि रक्तदाबही वर येत नाही. डेक्साचा परिणाम व्हायला काही तास जातात. म्हणून केंद्रात अर्धा तास बसवून ठेवतात आणि ट्रेमध्ये ॲड्रेनालिनची ॲम्प्यूल काढून ठेवलेली असते. तुमच्या बैठकीच्या खोलीत ती नाही.

अंतराबद्दल थोडं विस्ताराने, कारण स्वतः जुळवणारे इथेच जास्त घाई करतात. आधीच्या डोसाच्या अँटिबॉडी रक्तात भरपूर असताना पुढचा डोस दिला तर नव्या प्रथिनाला त्याच आधी पकडतात आणि स्मृतिपेशींना शिकायला कमी उरतं. त्या पेशी लसिका ग्रंथींमध्ये कित्येक आठवडे तयार होत असतात. ऑक्सफर्डच्या लशीच्या (म्हणजे कोव्हिशील्डच्याच) चाचण्यांत दोन डोसांत सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर असलेल्यांत परिणामकारकता ५५ टक्के आली, बारा आठवड्यांहून जास्त असलेल्यांत ८१ टक्के. मे २०२१ मध्ये आपल्याकडे अंतर १२ ते १६ आठवडे केलं, तेव्हा तुटवड्याची चर्चा जास्त झाली, पण त्यामागे हा आकडाही होता. वडिलांच्या बाबतीत २०२२ नंतर पुरेसा काळ गेलाय, त्यामुळे अंतर हा अडसर नाही. मध्ये कोव्हिड झाला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं.

‘घेऊन तर ठेवू, नुकसान काय?’ असंही विचारलं जातं. जर्मनीत मॅगडेबर्गच्या ६२ वर्षांच्या एका गृहस्थांनी २९ महिन्यांत तब्बल २१७ डोस घेतले होते, आठ वेगवेगळ्या लशींचे, स्वतःच्या मर्जीने. एर्लांगेनच्या संशोधकांनी त्यांना तपासलं आणि मार्च २०२४ मध्ये निष्कर्ष छापले: लशीमुळे ठळक इजा दिसली नाही, प्रतिकारशक्ती ‘थकली’ असंही नाही. याचा अर्थ हे करून बघावं असा होत नाही, तसं ते संशोधकही म्हणत नाहीत. एका माणसावरून घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये, एवढंच घ्या.

अँटिबॉडीची चाचणी करून ‘पातळी कमी आलीय, बूस्टर घेतो’ असं ठरवू नका. किती पातळी पुरेशी याचा सर्वमान्य आकडा नाही, प्रयोगशाळेगणिक यंत्रं वेगळी, आणि टी-पेशी या चाचणीत दिसतच नाहीत. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांत तर आणखी एक गोंधळ असतो. त्या लशीत अख्खा विषाणू असल्याने न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी लशीमुळेही येऊ शकतात, आणि अहवाल पाहून माणूस समजतो आपल्याला न कळता कोव्हिड होऊन गेला.

मग नव्याने डोस कुणाला खरंच लागतो? भारतात सर्वसामान्य माणसाने दरवर्षी कोव्हिडचा डोस घ्यावा अशी सरकारी शिफारस नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्च २०२३ च्या मांडणीत वयस्कर, गंभीर सहव्याधी असलेले, प्रतिकारशक्ती दबलेले, गरोदर स्त्रिया आणि आरोग्य कर्मचारी यांना वरच्या गटात ठेवलं आहे. वडील वय आणि मधुमेहामुळे या गटाच्या जवळ येतात, त्यामुळे डॉक्टरांशी बोलून डोस घेतला तर चूक नाही. पण विषाणूचा कोणता अवतार त्या लशीत आहे ते विचारायचं. कोव्होव्हॅक्स आणि कोर्बेव्हॅक्सला बूस्टर म्हणून परवानगी मिळाली तेव्हा त्या २०२० च्या मूळ विषाणूवर बेतलेल्या होत्या, जेमकोव्हॅक-ओएम सुरुवातीच्या ओमिक्रॉनवर. २०२३ च्या अखेरीस आलेल्या जेएन.१ या ओमिक्रॉनच्या कुटुंबाला या लशी काही अंशीच ओळखतात. इंग्लंडमध्ये जेएन.१ नंतरच्या अवतारांवर अद्ययावत केलेल्या लशी आहेत. सरकारी योजनेत तिथे २०२५ च्या शरदात मुख्यतः ७५ च्या पुढचे आणि प्रतिकारशक्ती दबलेले लोक होते, पण खाजगी फार्मसीत पैसे देऊन घेता येते. वडिलांना घ्यायचीच असेल तर मला तो मार्ग इथल्या उसनवारीपेक्षा बरा वाटतो. तिकडच्या फार्मसिस्टला कोविनचं प्रमाणपत्र दाखवायचं, बस.

काही जणांना लस बदलणं हाच वैद्यकीय सल्ला असतो. ॲडिनोव्हायरसच्या लशीनंतर ४ ते ४२ दिवसांत रक्ताच्या गुठळ्या आणि सोबत प्लेटलेट कमी, असं झालेल्याने ती जात पुन्हा घ्यायची नाही. एमआरएनए लशीनंतर हृदयाच्या स्नायूला सूज आलेल्या तरुणाने एमआरएनए पुन्हा घेऊ नये. पॉलिइथिलीन ग्लायकॉल या लशीतल्या घटकाची ॲलर्जी असेल तर एमआरएनए टाळतात. पॉलिसॉर्बेट ८० ची असेल तर कोव्हिशील्ड, कोव्होव्हॅक्स दोन्ही तपासून मगच. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी, दुखणं काबूत असेल तर, लशीनंतर दोन आठवडे ती गोळी थांबवली की अँटिबॉडी साधारण दुप्पट आल्याचं ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं. मात्र हे आपल्या संधिवाततज्ज्ञांना विचारूनच, परस्पर नाही.

आता वडिलांच्या दोन लशी. फ्लूची दरवर्षी नव्याने घ्यायची असते आणि कंपनी बदलली तरी काही बिघडत नाही. पुण्यात फ्लू पावसाळ्यात वाढतो, म्हणून इथे एप्रिल-मेमध्ये घेणं योग्य. पण ते ऑक्टोबरात उत्तर गोलार्धात, तिथला हंगाम सुरू होताना पोचणार, तेव्हा सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात उत्तर गोलार्धाची चालू वर्षाची लस मागा. उड्डाणाच्या किमान दोन आठवडे आधी झालेली हवी. खोक्यावर हंगामाचं वर्ष छापलेलं असतं, ते वाचून घ्या.

न्यूमोकॉकसमध्ये मात्र ‘कुठलीही चालेल’ चालत नाही, तिथे क्रम महत्त्वाचा. आधी संयुग्म लस (१३, १५ किंवा २० प्रकारांची), मग गरज असेल तर २३ प्रकारांची साधी पॉलिसॅकराइड लस, साधारण एक वर्षाने. वीसची घेतली तर तेवीसची लागत नाही. उलट्या क्रमाने, आधी तेवीसची घेतली तर पुढच्या संयुग्म लशीला प्रतिसाद कमी येतो आणि वर्षभर थांबावं लागतं. तेवीसचा आकडा मोठा दिसतो म्हणून लोक तीच आधी मागतात आणि स्वतःच लस ठरवणाऱ्यांची सर्वात नेहमीची चूक हीच. फ्लू आणि संयुग्म न्यूमोकॉकस एकाच दिवशी, दोन वेगळ्या दंडांत घेता येतात. दोन लशी एका सिरिंजमध्ये कधीही ओढायच्या नाहीत, कुणी ‘एकाच टोच्यात काम’ म्हणालं तरी.

इतर लशींबद्दल धावतं. कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस ब्रँड बदलून पूर्ण केलेली चालते. तोच ब्रँड मिळेना म्हणून डोस लांबवला तर जिवावर बेतू शकतं. फक्त स्नायूत देताना त्या ब्रँडची अख्खी व्हायल द्यायची, मग ती अर्ध्या मिलिलिटरची असो की एका. हिपॅटायटिस बी मध्येही ब्रँडची अदलाबदल चालते. मुलींच्या एचपीव्ही लशीत शक्यतो सुरू केलेलीच पूर्ण करा. चार प्रकारांच्या सर्व्हाव्हॅकवरून नऊ प्रकारांच्या लशीवर मधेच उडी मारली तर उरलेल्या पाच प्रकारांविरुद्धचा पूर्ण कोर्स झाला असं होत नाही. गोवर, कांजिण्या, पीतज्वर यांच्या जिवंत विषाणूंच्या लशी एकतर एकाच दिवशी किंवा किमान २८ दिवसांच्या अंतराने.

त्या दिवशी जाताना आधीच्या तिन्ही डोसांचं कोविन प्रमाणपत्र, गोळ्यांची यादी आणि आधार सोबत ठेवा. नव्या लशीचं नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि कोणत्या दंडात दिली ते कागदावर लिहून घ्या, जमलं तर व्हायलच्या लेबलाचा फोटो काढा. पोटात काही असू द्या. मधुमेहाच्या गोळ्या नेहमीच्या वेळेला. ताप आला तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, गरजेप्रमाणे सहा तासांनी. तापात साखर वर जाते, दोन दिवस घरच्या ग्लुकोमीटरवर बघत राहा. काही वेगळा त्रास झाला तर डॉक्टरांकडून नोंदवून घ्या. औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, १८००-१८०-३०२४ वर, तुम्हालाही कळवता येतं. आणि लशीनंतर छातीत दुखलं, दम लागला किंवा डावा हात भरून आला, तर ‘लशीचंच असेल’ म्हणून अंगावर काढू नका. स्टेंट असलेल्या माणसाचा ईसीजी त्याच तासात व्हायला हवा. १०८ ला फोन करा.